कोरड्या भिंतीतील पाणी : जिप्सम-फलकाचा इतिहास आणि त्याची नावे

१

इतिहासग्रंथांत भिंतीला स्थान मिळते ते बहुधा तिच्यावरील चित्रामुळे, शिलालेखामुळे, किंवा तटाच्या रूपाने तिने दिलेल्या झुंजीमुळे. घराच्या आतल्या अंगाची साधी भिंत आणि तिच्यावरचा लेप हा विषय गवंड्याच्या हवाली करून इतिहासकार पुढे जातो. वस्तुतः माणसाचे आयुष्य या लेपाच्या सहवासातच जाते. प्रस्तुत निबंधात अशाच एका उपेक्षित वस्तूचा विचार करावयाचा आहे. दोन कागदांच्या मध्ये जिप्सम धरून तयार केलेला फलक, आणि अशा फलकांनी भिंत व छत आतून मढविण्याची 'कोरडे अस्तर' या नावाने ओळखली जाणारी पद्धती, हा त्याचा विषय होय. गेल्या सव्वाशे वर्षांत या फलकाने अमेरिका व युरोप या खंडांतील घरांचे अंतरंग पालटून टाकले आणि आता आपल्या शहरांतील कचेऱ्या, दुकाने व सदनिका यांतही त्याने बस्तान बसविले आहे.

या बदलाचे श्रेय सामान्यतः एका शोधकाला आणि एका महायुद्धाला देण्यात येते. ही उपपत्ती सोयीची असली तरी अपुरी आहे. फलकाचा इतिहास हा बांधकामाच्या जागेवरून पाणी हटविण्याचा, आणि पाण्याबरोबर वेळ व कसब हटविण्याचा इतिहास आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी तांत्रिक पुराव्याच्या जोडीला भाषेचा पुरावाही घेतला आहे. कोणत्या समाजाने या वस्तूला काय म्हटले, यावरून त्या समाजाने तिच्यात काय पाहिले हे कळते. आणि क्वचित काय पाहिले नाही हेही कळते.

२

प्रथम पदार्थाविषयी. जिप्सम हे खनिज म्हणजे पाण्याशी संयोग पावलेले कॅल्शियम सल्फेट. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, आणि वजनाने पाहिल्यास शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २१ टक्के पाणीच असते. हा दगड दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापविला की त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि जी पांढरी भुकटी उरते तिला आपण 'प्लास्टर ऑफ पॅरिस' म्हणतो. या भुकटीत पाणी कालविले की गेलेले पाणी ती पुन्हा शोषून घेते, तिचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांत पुनः दगड होतो. चुन्याची रीत याहून निराळी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. त्याला आठवडे, क्वचित महिने लागतात. एक पदार्थ पाण्याने बांधला जातो, दुसरा हवेने. आणि पुढच्या सर्व इतिहासाचे बीज या भेदात आहे.

जिप्सम घट्ट कसे होते याचा उलगडा लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञाने केला. १७६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समवरील निबंध वाचला. उष्णतेने जे निघून जाते ते पाणीच होय आणि घट्ट होताना जे परत घेतले जाते तेही पाणीच होय, हे त्याने तोलून दाखविले. ज्या शास्त्रज्ञाच्या तराजूने पुढे रसायनशास्त्राचा पाया घातला, त्याच्या तराजूत पहिल्यांदा पडलेल्या वस्तूंपैकी भिंतीचे प्लास्टर ही एक होती, हा योगायोग नव्हे. पॅरिस शहर जिप्समच्या थरांवर वसलेले आहे. माँमार्त्र टेकडीच्या खाणींतून शतकानुशतके हा दगड निघत असे. तेथील 'प्लास ब्लांश', म्हणजे 'पांढरा चौक', हे नाव दगड वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या धुळीवरून पडले असे सांगतात. १६६६ साली लंडन शहर आगीत भस्मसात झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी चौदाव्या लुईच्या शासनाने पॅरिसमधील लाकडी घरांना प्लास्टरचा लेप देण्याविषयी हुकूम काढला. प्लास्टर आगीला अडविते हा अनुभव त्यामागे होता. त्याची मीमांसा होण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

ती मीमांसा अशी. जिप्सम तापू लागले की त्यातील बांधलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडते, आणि हे पाणी संपेपर्यंत लेपाच्या मागील बाजूचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही. आज प्रचारात असलेल्या साडेबारा मिलिमीटर जाडीच्या साध्या फलकाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे आठ किलोग्रॅम भरते; म्हणजे त्यात दीड किलोग्रॅमहून अधिक पाणी दडलेले असते. ज्याला आपण 'कोरडी भिंत' म्हणतो तिची अग्निरोधक शक्ती तिच्यातील पाण्यामुळे आहे. कोरडेपणा हा या वस्तूचा गुण नसून तिच्या कामाच्या रीतीचे वर्णन आहे, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवावयास हवी.

३

आता शब्दांकडे वळू. युरोपीय 'जिप्सम' हा शब्द लॅटिनमधून आला. लॅटिनने तो ग्रीक 'गिप्सोस'वरून घेतला. आणि ग्रीकांना तो कोणत्यातरी सेमिटिक भाषेतून मिळाला असावा, असा विद्वानांचा सर्वसाधारण कल आहे. प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेत 'गस्सु' हा शब्द याच पदार्थाला होता. फारसीतील 'गच' आणि अरबीतील 'जस्स' हे शब्द याच कुळातील मानले जातात. इराणात जिप्सम विपुल, त्यामुळे तेथे 'गच' म्हणजे जिप्समचा लेप. मशिदींच्या व महालांच्या आतील नक्षीकाम याच गचाचे असे.

हा शब्द फारसीच्या मागोमाग दख्खनेत आला. परंतु दख्खन ही काळ्या कातळाची भूमी. येथे जिप्समच्या खाणी नाहीत. भारतातील जिप्समचे मोठे साठे राजस्थानात, नागौर-बिकानेरच्या बाजूला आहेत. दख्खनी गवंड्याजवळ होता तो चुना. तेव्हा शब्द आला, वस्तू आली नाही, आणि शब्दाने मिळेल त्या वस्तूशी संसार मांडला. 'गच' म्हणजे चुन्याचा गिलावा असा अर्थ रूढ झाला. मराठीतील 'गच्ची' हा शब्द सामान्यतः या 'गच'शी जोडण्यात येतो : चुन्याने पक्की केलेली, पाणी न झिरपणारी धाब्याची जमीन ती गच्ची. 'चुनेगच्ची' या जोडशब्दात तर हे स्थित्यंतर उघड दिसते. मूळ गच जिप्समचा. येथे तो चुन्याचा आहे हे सांगण्यासाठी भाषेने 'चुना' हा शब्द त्याच्या मागे जोडला, आणि हळूहळू गच म्हणजे चुनाच असे वाटू लागल्यावर ती द्विरुक्ती होऊन बसली. औरंगाबादचा बिबी का मकबरा पाहणाऱ्यास या स्थित्यंतराचे दृश्य रूप आढळते. सतराव्या शतकात बांधलेल्या या वास्तूत संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता व घुमटाला आहे. मधला सारा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर गुळगुळीत घोटलेला लेप व उठावाची नक्षी आहे. लेपाने दगडाला संगमरवराचे रूप द्यावयाचे, ही अस्तराची कल्पना आपणास नवी नव्हती.

'गिलावा' हा शब्दही फारसीच. 'गिल' म्हणजे चिखल. त्यावरून 'गिलाबा' म्हणजे लिंपण्याचा चिखल. आपल्या नित्याच्या शब्दातच ओल आहे. कोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर शेणमाती लिंपीत. याच जातीची रीत युरोप-अमेरिकेत लाकडी पट्ट्यांची होती : चौकटीवर पातळ पट्ट्या थोडे अंतर ठेवून ठोकावयाच्या, त्यांवर जनावरांचे केस मिसळलेला चुना दाबावयाचा, तो फटींतून पलीकडे जाऊन तेथे गाठ धरून बसे. या पहिल्या लेपावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. प्रत्येक लेप वाळल्याखेरीज पुढचा देता येत नसे. कूड आणि ही पट्ट्यांची भिंत यांत साधनाचा भेद आहे, तत्त्व एकच : कोरडा सांगाडा आणि ओला लेप.

याउलट ज्याला खरोखर कोरडे अस्तर म्हणता येईल त्यालाही मराठीत जुना शब्द आहे. वाड्यांच्या माडीखाली फळ्या जडवून केलेल्या छताला 'तक्तपोशी' म्हणतात. 'तख्ता' म्हणजे फळी, 'पोश' म्हणजे आच्छादन. ब्रिटिश अमदानीतील बंगल्यांत छपराखाली कापड ताणून त्याला सफेदी देत, तेही एक प्रकारचे कोरडे छतच. तात्पर्य, ओले लिंपणे आणि कोरडे मढविणे या दोन्ही परंपरा जुन्या आहेत. जिप्सम-फलकाचे नावीन्य असे की त्याने ओल्या परंपरेतला पदार्थ घेऊन तो कोरड्या परंपरेच्या रीतीने बसविला.

४

हे प्रथम साधले ऑगस्टिन सॅकेट या अमेरिकन शोधकाने. त्याचा जन्म १८४१ चा. कागदाचे थर एकमेकांवर चढवून भिंतीसाठी तक्ते बनविण्याचा त्याचा आधीचा प्रयत्न डांबराच्या साहाय्याने झाला होता, पण तो समाधानकारक ठरला नाही. नंतर त्याने डांबराच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरले आणि २२ मे १८९४ रोजी त्यास अमेरिकेत एकस्व मिळाले. कागद, प्लास्टर, पुन्हा कागद, पुन्हा प्लास्टर अशी त्या 'सॅकेट बोर्डा'ची रचना होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सॅकेटचा फलक गिलाव्याला हटविण्यासाठी विकला गेला नाही. तो लाकडी पट्ट्यांच्या जागी बसवावयाचा आणि त्यावर गिलावा करावयाचा, असाच त्याचा उपयोग सांगितला जाई. म्हणजे पट्ट्या ठोकणाऱ्याचे काम गेले, पण गिलावा करणारा राहिला. पूर्ण कोरडी भिंत ही पुढची पायरी. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने १९०९ साली सॅकेटचा व्यवसाय विकत घेतला. अनेक थरांऐवजी जिप्समचा एकच गाभा व त्याच्या दोन्ही अंगांस कागद अशी सुटसुटीत रचना आली. कडा कागदाने मुडपून बंद करण्याची युक्ती साधली. आणि १९१७ च्या सुमारास 'शीटरॉक' हे व्यापारी नाव बाजारात आले. ब्रिटनमध्येही १९१७ सालीच लिव्हरपूलजवळच्या वॉलसी येथे फलकांचा व्यवसाय सुरू झाला. गिलाव्याचा आधार म्हणून जन्मलेला फलक आता स्वतःच भिंतीचे मुख होऊ पाहत होता.

मात्र लोकांनी त्याला लगेच मान्यता दिली नाही. दोन फलकांमधील सांधे दिसत; ते झाकण्यासाठी वर लाकडी पट्ट्या माराव्या लागत. फलक ही गरिबांची किंवा तात्पुरत्या इमारतीची वस्तू, असा ग्रह दृढ होता. १९३३-३४ मध्ये शिकागो येथे भरलेल्या 'शतकाची प्रगती' या जागतिक प्रदर्शनातील अनेक इमारतींत हे फलक वापरले गेले. पण प्रदर्शनाच्या इमारती पाडण्यासाठीच बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या ग्रहाला यातून छेद जाण्याऐवजी पुष्टीच मिळाली असावी. फलकाच्या कडा किंचित उतरत्या करणे, आणि त्या खोलगट सांध्यात कागदी पट्टी व लुकण भरून तो एकजीव करणे, ही साधी दिसणारी सुधारणा माझ्या मते निर्णायक होय. तिच्यामुळे फलकांची भिंत प्रथमच अखंड दिसू लागली. पाहणाऱ्याला ती गिलाव्याची वाटू शकली, आणि तेव्हाच तिला गिलाव्याशी स्पर्धा करता आली.

यानंतर दुसरे महायुद्ध आले. कामगार सैन्यात व कारखान्यांत गेले, आणि छावण्या व कामगार-वसाहती तातडीने उभारावयाच्या होत्या. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती. न्यूयॉर्कजवळ १९४७ साली सुरू झालेल्या लेव्हिटटाउन या वसाहतीत घर बांधण्याचे काम सव्वीस-सत्तावीस ठराविक टप्प्यांत वाटून दिले होते. प्रत्येक टोळी एकच टप्पा करी आणि पुढच्या घराकडे जाई. अशा व्यवस्थेत वाळण्याची वाट पाहणाऱ्या भिंतीला जागाच नव्हती. युद्धाने फलक निर्माण केला नाही. पन्नास वर्षे सिद्ध होत आलेल्या वस्तूला त्याने घाई असलेले गिऱ्हाईक मिळवून दिले. एकट्या युद्धावर भर देणाऱ्या उपपत्तीला आमचा आक्षेप आहे तो इतकाच.

५

या घाईची किंमत कोणी दिली? गिलावा करणारा कारागीर थापीच्या दाबावरून मालाचा घट्टपणा जाणतो. भिंत ओळंब्यात नसेल तर लेपाच्या जाडीने ती सावरून घेतो. ही विद्या हातात असते, पुस्तकात नसते. फलक बसविणाराजवळ थापीच्या जागी सुरी व पेचकस आले. अमेरिकेत पट्ट्या ठोकणारे, गिलावा करणारे, सुतार आणि रंगारी यांच्या संघटनांमध्ये 'हे काम नेमके कोणाचे' यावरून तंटे झाले, ते याचमुळे. ते तंटे केवळ रोजगाराचे नव्हते. एका धंद्याचे काम फोडून त्याचे तुकडे इतर धंद्यांत वाटले जात होते.

एवढ्यावरून फलकाला दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. सुबक गिलावा श्रीमंतांच्या घरी असे. सामान्य घरांतला गिलावा भेगाळलेला, पोपडे धरलेला असे. सपाट, पांढरी, आगीला काही काळ तरी अडविणारी भिंत फलकामुळे लक्षावधी सामान्य कुटुंबांना प्रथमच मिळाली. ब्रिटनमध्ये विटांच्या भिंतीवर लुकणाचे गोळे लावून त्यांवर फलक दाबून बसविण्याची रीत रूढ झाली. मागे राहिलेल्या पोकळीत उष्णतारोधक थर घालता येऊ लागला, आणि जुनी थंड घरे उबदार झाली.

पण पाणी आणि धूळ नाहीशी झाली होती का? कारखान्यात भुकटीत जे पाणी कालवितात ते तिला घट्ट होण्यासाठी लागणाऱ्या पाण्याहून कितीतरी अधिक असते. शंभर भार भुकटीला रसायनतः सुमारे साडेअठरा भार पाणी पुरते. परंतु लगदा वाहता राहावा म्हणून जादा घालावे लागते, आणि ते जादा पाणी पुढे लांबलचक भट्टीत इंधन जाळून उडवावे लागते. पूर्वी जे काम घरातला वारा आठवड्यांत फुकट करी, ते आता अग्नी तासाभरात मोल घेऊन करतो. ओल संपली नाही, तिने जागा बदलली. धुळीचेही तसेच. सांध्यांतील लुकणात अनेक वर्षे ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळत. वाळलेले सांधे घासताना ती धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. अमेरिकेत १९७७ साली अशा लुकणावर बंदी आली. पुढे, २००४ व २००५ मधील वादळांनंतरच्या पुनर्बांधणीत चीनमधून आयात झालेल्या काही फलकांतून गंधकयुक्त वायू सुटू लागले, घरांतील तांब्याच्या तारा व नळ्या काळ्या पडल्या, आणि २००९ च्या सुमारास त्या प्रकरणाने मोठे रूप घेतले. कोरडी वस्तू म्हणजे निरुपद्रवी वस्तू, हा समज या घटनांनी खोटा ठरविला.

६

शेवटी नावांचा हिशेब करू. या वस्तूला जगभर दिलेली नावे तीन वर्गांत पडतात. पहिला वर्ग द्रव्यवाचक : फ्रेंचमध्ये 'प्लास्टरचा पत्रा', रशियनमध्ये 'जिप्सोकार्तोन', म्हणजे जिप्सम व पुठ्ठा. दुसरा वर्ग अभाववाचक : अमेरिकन इंग्रजीतील 'ड्रायवॉल', ब्रिटिश 'ड्राय लायनिंग', जर्मन 'ट्रोकनबाऊ' म्हणजे कोरडे बांधकाम. सोव्हिएत काळातील रशियनमध्ये तर 'कोरडा गिलावा' असा वदतोव्याघातच रूढ होता. तिसरा वर्ग उत्पादकवाचक : अमेरिकेत 'शीटरॉक', ऑस्ट्रेलियात 'जिप्रॉक', न्यूझीलंडमध्ये 'जिब', फ्रान्समध्ये 'प्लाको'. यांत 'रिगिप्स' हे नाव विशेष मनोरंजक आहे. १९३८ साली लॅटव्हियातील रीगा येथे फलकांचे उत्पादन सुरू झाले. त्या शहराचे नाव आणि जर्मन 'गिप्स' यांच्या संधीतून हे नाव निघाले, आणि आज रोमानियन भाषेत ते त्या वस्तूचे सामान्यनामच होऊन बसले आहे. ज्या घरमालकाने रीगा कधी पाहिले नाही त्याच्या भिंतीत ते शहर आहे.

यांपैकी अभाववाचक नावे इतिहासकाराला सर्वांत मोलाची वाटावीत. वस्तूला तिच्यात नसलेल्या गोष्टीवरून नाव पडते तेव्हा त्या अभावाची पूर्वी किती ओढ होती हे कळते. ओल्या भिंतीपाशी अनेक आठवडे ताटकळलेल्या समाजानेच 'कोरडी भिंत' असा शब्द घडविला. आणि त्याच शब्दाने त्या भिंतीतले पाणी, भट्टीतले इंधन आणि कारागिराचा हात या तिन्ही गोष्टी दृष्टीआड केल्या.

मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आमच्या विभागात परिभाषेचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे वारंवार येतो. 'शुष्कभित्ती', 'शुष्कास्तरण' असे शब्द कागदावर सुचविले जातात. ते टाळावेत असे मला वाटते. कामावर त्यांचा उच्चार कोणी करणार नाही, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे : दुसऱ्या समाजाच्या अनुभवातून आलेला अभाववाचक शब्द अक्षरशः उचलला तर त्याचा अर्थ येतो पण त्याचे कारण येत नाही. बांधकामावरील माणसे आज 'जिप्सम', 'बोर्ड', 'पीओपी' असे म्हणतात; म्हणजे त्यांनी नकळत द्रव्यवाचक वर्ग निवडला आहे, आणि तो योग्य आहे. ग्रंथात 'जिप्सम-फलक' म्हणावे. फलकांनी मढविलेल्या छताला 'तक्तपोशी' हा आयता शब्द पुन्हा वापरून पाहावा. लाकडाची फळी जाऊन जिप्समचा तक्ता आला, तरी आच्छादन तेच आहे.

'गच' हा शब्द जिप्समवरून चुन्याकडे वळला तेव्हा कोणत्याही मंडळाने त्यास संमती दिली नव्हती. गवंड्यांनी तो वापरला आणि तो राहिला. आज राजस्थानातील खाणींतून, औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांत गंधक धरताना मिळणाऱ्या उपपदार्थातून आणि परदेशांतून जिप्सम या चुन्याच्या प्रदेशात येऊन पोचले आहे. ज्या वस्तूचे नाव आपल्याकडे काही शतके आधी आले, ती वस्तू आता मागाहून आली आहे. तिला आपल्या भाषेत जागा करून देताना त्या जुन्या नावाची आठवण ठेवावी, एवढेच या निबंधाच्या शेवटी सुचवावयाचे आहे.